कोबाल्ट : साठा, खप आणि श्रम



व्याख्यानमालेच्या चालकांनी या वर्षी मला एखाद्या कच्च्या मालाविषयी बोलण्यास सांगितले आणि मालाची निवड माझ्यावर सोपविली. मी कोबाल्ट हा धातू निवडला. मी खनिजशास्त्राचा पदवीधर नाही. माझे शिक्षण यंत्रशाळेत, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. परंतु ज्या मालावर कामगाराचे हात रोज पडतात, त्या मालाची कुळकथा त्याला ठाऊक असावी असे माझे मत आहे. लोखंड, कोळसा, कापूस यांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले-बोलले गेले आहे. कोबाल्ट मात्र या सभागृहातील बहुतेकांच्या खिशात असूनही अपरिचित राहिला आहे.

या धातूसंबंधी सामान्यतः एकच प्रश्न विचारला जातो : तो जगाला पुरेल काय? मी त्याला आणखी दोन प्रश्न जोडणार आहे. तो कोणाच्या हातांतून आपल्यापर्यंत येतो? आणि त्या वाटेवर त्याची किंमत कोण कशी चुकवितो? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय पहिल्याचे उत्तर नीट लागत नाही, हेच मला आज दाखवावयाचे आहे.

खाणकामगारांनी ठेवलेले नाव

जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात चांदीच्या खाणीत काम करणाऱ्यांना एक चमत्कारिक दगड सापडत असे. दिसावयास तो धातूचा. पण भट्टीत घातला की चांदीही नाही आणि तांबेही नाही. उलट त्यातील सोमलाचा विषारी धूर निघे व माणसे आजारी पडत. खाणीत राहून खोड्या करणाऱ्या भुताला तेथे ‘कोबोल्ड’ म्हणत. त्या भुताचेच नाव दगडाला पडले. पुढे १७३५ च्या सुमारास स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ गेऑर्ग ब्रांट याने दाखवून दिले, की या दगडात एक स्वतंत्र धातू आहे आणि काचेला येणारी गडद निळाई त्याचीच आहे. ती निळाई मिसरी कारागिरांना आणि चिनी मातीची भांडी घडविणाऱ्यांना कित्येक शतके परिचित होती. सांगावयाचे ते एवढेच, की या धातूची पहिली ओळख खाणकामगाराला झाली, आणि ती त्याच्या छातीतून झाली. ही गोष्ट ध्यानात ठेवावी; पुढे तिचा संबंध येणार आहे.

चिक्कीतला गूळ

कोबाल्ट एकटा फारसा वापरला जात नाही. दुसऱ्या पदार्थांत मिसळून त्यांना चिवटपणा, उष्णता सोसण्याची शक्ती किंवा चुंबकत्व देणे हे त्याचे काम. पिंपरी-चिंचवडच्या कोणत्याही टर्नरला ‘विडिया टिप’ माहीत असते. १९२० नंतरच्या दशकात जर्मनीत हा माल प्रथम बाजारात आला. ‘हिऱ्यासारखा’ या अर्थाच्या जर्मन शब्दांवरून त्याचे नाव पडले आणि आपल्या कारखान्यांत ते नाव सर्वच कार्बाइड हत्यारांना चिकटले. या टिपेत टंगस्टन कार्बाइडचे अतिकठीण कण असतात. पण नुसते कण म्हणजे वाळू. त्यांना धरून ठेवतो तो कोबाल्ट. चिक्कीत शेंगदाणे पुष्कळ आणि गूळ थोडा. पण गूळ नसेल तर चिक्कीच नाही. कोबाल्टचे येथील काम अगदी तेच आहे.

विमानाच्या जेट इंजिनातील पाती लाल तापली तरी वाकत नाहीत, त्या मिश्रधातूंत कोबाल्ट असतो. खनिज तेलातील गंधक काढणाऱ्या उत्प्रेरकांत तो असतो. आपल्या रक्तासाठी आवश्यक असलेल्या बी-१२ जीवनसत्त्वाच्या रेणूच्या केंद्रस्थानी कोबाल्टचा एक अणू आहे. त्या रेणूची रचना उलगडणाऱ्या डोरोथी हॉजकिन यांना १९६४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अणुभट्टीत ठेवून तयार केलेला किरणोत्सारी कोबाल्ट-६० कर्करोगाच्या उपचारांत वापरतात, आणि नाशिक जिल्ह्यातील लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रात कांद्यावर व आंब्यावर त्याच किरणांची प्रक्रिया होते.

परंतु हे सारे उपयोग आज एका उपयोगापुढे मागे पडले आहेत. तो उपयोग म्हणजे पुन्हा पुन्हा भारित करता येणारी लिथियम बॅटरी. १९८० साली ऑक्सफर्ड येथे जॉन गुडइनफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी लिथियम आणि कोबाल्ट यांच्या ऑक्साइडचा बॅटरीतील एक अग्र म्हणून उपयोग दाखविला. १९९१ मध्ये जपानच्या सोनी कंपनीने तशी बॅटरी बाजारात आणली. मोबाइलच्या बॅटरीत सुमारे पाच ते दहा ग्रॅम कोबाल्ट असतो. निकेल-मँगनीज-कोबाल्ट जातीच्या मोटारीच्या बॅटरीत तो किलोंनी मोजावा लागतो. आज जगातील कोबाल्टचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक वीजगाडी आहे, आणि तिच्यानंतर मोबाइल, संगणक यांसारखी हाती वागविण्याची साधने.

कापूस आणि सरकी

आता पुरवठ्याकडे वळू. येथे एक गोष्ट समजली की पुष्कळ कोडी सुटतात. जगात मुख्यतः कोबाल्टसाठीच खणली जाणारी खाण जवळजवळ नाही. मोरोक्कोतील बू अझेरची खाण हा ठळक अपवाद. बाकीचा कोबाल्ट तांब्याबरोबर किंवा निकेलबरोबर निघतो. शेतकरी कापूस पेरतो तो रुईसाठी. सरकी त्याबरोबर येते. सरकीचा भाव दुप्पट झाला म्हणून कोणी कापसाचे क्षेत्र दुप्पट करीत नाही आणि सरकी मातीमोल झाली म्हणून कोणी कापूस उपटून टाकीत नाही. कोबाल्ट ही तांब्या-निकेलची सरकी आहे. म्हणूनच त्याचा पुरवठा त्याच्या स्वतःच्या भावाचे ऐकत नाही. मागणी वाढली की माल तत्काळ वाढत नाही, आणि मागणी घटली तरी तांबे निघत असेपर्यंत कोबाल्ट येतच राहतो. भावाचे हिंदोळे त्यामुळेच विलक्षण. २०१८ मध्ये टनाला ९०,००० डॉलरच्या वर गेलेला भाव फेब्रुवारी २०२५ मध्ये २१,००० डॉलरच्या आसपास येऊन पडला होता.

आकडे काय सांगतात

अमेरिकन भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या अंदाजाप्रमाणे २०२४ मध्ये जगात सुमारे २,९०,००० टन कोबाल्ट खाणींतून निघाला. त्यांपैकी सुमारे २,२०,००० टन एकट्या काँगो लोकसत्ताक प्रजासत्ताकाचा. म्हणजे शंभरातले पंचाहत्तर. दुसरा क्रमांक इंडोनेशियाचा, पण तो शंभरातल्या दहांच्या आसपास. तेथे निकेलयुक्त जांभ्यातून निकेल काढताना कोबाल्ट मिळतो.

जमिनीत काय शिल्लक आहे? येथे दोन शब्दांतील फरक समजून घ्यावा. आजच्या भावाने व आजच्या यंत्रविद्येने जो काढणे परवडते तो ‘राखीव साठा’; आणि जो आहे असे दिसते, पण काढणे परवडेलच असे नाही, ती ‘साधनसंपत्ती’. पहिले म्हणजे कणगीतले धान्य, दुसरे म्हणजे शेतात उभे असलेले. कोबाल्टचा राखीव साठा सुमारे १ कोटी १० लाख टन धरला जातो. त्यातील ६० लाख टन काँगोत आहे, आणि त्याखालोखाल ऑस्ट्रेलियात. जमिनीवरील एकंदर साधनसंपत्ती सुमारे अडीच कोटी टन, आणि समुद्रतळावर बारा कोटी टनांहून अधिक. राखीव साठ्याला वर्षाच्या उत्पादनाने भागले तर अडतीस वर्षे येतात. हा भागाकार घाबरविण्यास सोयीचा आहे, पण तो फसवा आहे. भाव वाढला किंवा नवी युक्ती सापडली की शेतातले धान्य कणगीत येते. शिवाय लोखंड आणि फॉस्फेट यांवर चालणाऱ्या, कोबाल्टचा कणही नसलेल्या बॅटऱ्यांनी २०२४ मध्ये जगातील वीजगाड्यांच्या बाजाराचा जवळजवळ निम्मा भाग व्यापला. आपल्याकडील कित्येक वीजगाड्याही याच बॅटरीवर धावतात. सारांश, भूगर्भात कोबाल्टचा दुष्काळ नाही.

मग अडचण कोठे आहे? अडचण नरसाळ्याच्या मानेत आहे. तीन-चतुर्थांश माल एका देशातील, किंबहुना त्या देशाच्या दक्षिणेकडील एका पट्ट्यातील, खाणींतून येतो. आणि जगातील शुद्धीकरणाचा तेवढाच किंवा त्याहून मोठा वाटा चीनमध्ये होतो. काँगोतील अनेक मोठ्या खाणीही चिनी कंपन्यांच्या मालकीच्या आहेत.

कटंगाचा धडा

तो पट्टा म्हणजे जुना कटंगा प्रांत. लुबुंबाशी, लिकासी, कोल्वेझी ही त्यातील खाणींची शहरे. बेल्जियन राजवटीत १९०६ साली स्थापन झालेली युनियाँ मिनिएर ही कंपनी तेथे जवळजवळ राज्यच करीत होती. दुसऱ्या महायुद्धात धातूची मागणी वाढली, महागाई वाढली आणि मजुरी तेथेच राहिली, तेव्हा डिसेंबर १९४१ मध्ये आफ्रिकी कामगारांनी संप केला. लुबुंबाशीच्या क्रीडांगणावर जमलेल्या संपकऱ्यांवर सैनिकांनी गोळ्या झाडल्या. डझनावारी माणसे मेली; त्यांत त्यांचा पुढारी लेओनार मपोयी हाही होता. त्या काळी आफ्रिकी कामगारांना स्वतःची युनियन स्थापण्याची मोकळीक नव्हती. आज कोबाल्टच्या साठ्याचे कोष्टक छापताना हे नाव कोणी छापीत नाही. म्हणून मी येथे उच्चारतो.

३० जून १९६० रोजी काँगो स्वतंत्र झाला आणि पंधरा दिवसांच्या आत कटंगा फुटून निघाला. कंपनीचा करभरणा फुटीर सरकारकडे जाऊ लागला. पंतप्रधान पात्रिस लुमुंबा यांचा जानेवारी १९६१ मध्ये खून झाला. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सेनेबरोबर तेथे गेलेल्या भारतीय सैनिकांपैकी कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया डिसेंबर १९६१ मध्ये धारातीर्थी पडले व परमवीरचक्राचे मानकरी झाले. आपल्या सैनिकाचे रक्त ज्या मातीत सांडले, ती माती तांब्या-कोबाल्टची होती.

१९६६ च्या अखेरीस खाणींचे राष्ट्रीयीकरण होऊन सरकारी कंपनी निघाली. तीच पुढे जेकामिन या नावाने ओळखली गेली. कामगाराला घर, दवाखाना, शाळा व पिठाचा शिधा तिच्याकडून मिळे. १९७८ च्या मे महिन्यात बंडखोर कोल्वेझीत घुसले आणि पौंडाला सात डॉलरच्या आत असलेला भाव वर्षभरात पंचवीस डॉलरवर गेला. जगातील कारखानदार कोबाल्टला पर्याय शोधू लागले; ध्वनिक्षेपकांतील कोबाल्टच्या चुंबकांची जागा स्वस्त फेराइटने घेतली. १९९० मध्ये कामोतो येथील भूमिगत खाण खचली. भ्रष्ट राजवट, कर्ज आणि पुढे युद्ध यांनी कंपनी पोखरून निघाली.

यानंतर जे घडले ते मुंबईच्या गिरणगावाला समजावून सांगण्याची गरज नाही. जागतिक बँकेच्या पैशाने २००३-०४ मध्ये जेकामिनच्या दहा हजारांवर कामगारांना ‘ऐच्छिक निवृत्ती’ देण्यात आली. त्यांचे कित्येक महिन्यांचे पगार आधीच थकलेले होते. २००२ च्या नव्या खाण कायद्याने एकीकडे परकी भांडवलाला दार उघडले आणि दुसरीकडे ठराविक जागी हाताने खणण्यास परवानगी दिली. ज्यांची नोकरी गेली ते, त्यांची मुले आणि खेड्यांतून आलेले इतर लोक फावडे-पहार घेऊन खड्ड्यांत उतरले. तेथे त्यांना ‘क्रझर’, म्हणजे खणणारे, असे म्हणतात. त्यांची संख्या लाखाच्या घरात सांगितली जाते. भाव चढला की ती वाढते, पडला की घटते. पुरवठ्यातील त्यांचा वाटाही तसाच खालीवर होतो. आताच सांगितले, की मोठ्या खाणींचा कोबाल्ट भावाचे ऐकत नाही. भावाचे ऐकतो तो एवढा हाताने खणलेला कोबाल्ट. कारण मोठी खाण तांब्यासाठी चालते आणि खणणाऱ्याचे पोट भावावर चालते. बाजाराचे सारे हेलकावे त्याच्या चुलीपर्यंत पोहोचतात.

या माणसाजवळ ना हजेरीपट, ना विमा, ना वजनकाटा. काटा व्यापाऱ्याचा, दगडातील धातूचे प्रमाण मोजणारे यंत्र व्यापाऱ्याचे आणि भावही त्याचाच. संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीने २०१४ मध्ये दक्षिण काँगोतील खाणींवर सुमारे ४०,००० मुले काम करीत असल्याचा अंदाज दिला होता. जून २०१९ मध्ये कोल्वेझीनजीकच्या एका मोठ्या खाणीत शिरून खणणाऱ्यांवर दरड कोसळून चाळीसहून अधिक माणसे दगावली. मृत व जायबंदी मुलांच्या कुटुंबांनी अमेरिकेतील बड्या कंपन्यांवर दावा लावला. मार्च २०२४ मध्ये तेथील अपील न्यायालयाने तो फेटाळला. साखळी इतकी लांब, की शेवटच्या कडीवर पहिल्या कडीची जबाबदारी पडत नाही, असा त्याचा व्यावहारिक अर्थ झाला.

काही सज्जन सांगतात, की असा माल घेऊच नये. मला हे पटत नाही. खड्ड्यात उतरणारा माणूस हौसेने उतरत नाही. त्याचा माल नाकारला तर त्याची चूल विझते आणि तोच माल अर्ध्या भावात चोरवाटेने जातो. कोल्वेझीजवळ मुतोशी येथे २०१८ ते २०२० या काळात कुंपण घालून, मुलांना बाहेर ठेवून, खड्ड्यांची खोली बांधून आणि डोक्यावर टोप चढवून हातखणन चालविले गेले. हे करता येते, एवढे त्यातून सिद्ध झाले. ते टिकविण्यासाठी खणणाऱ्यांची संघटना आणि भावात त्यांचा शब्द असावा लागतो.

काँगोचे सरकारही आता भावात शब्द मागू लागले आहे. २०१८ मध्ये कोबाल्टला मोक्याचे खनिज ठरवून त्यावरील स्वामित्वधन दहा टक्क्यांवर नेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये भाव तळाला गेला तेव्हा निर्यातच थांबविली, आणि ऑक्टोबर २०२५ पासून ठराविक कोटा लावला : २०२६ आणि २०२७ साठी वर्षाला ९६,६०० टन, म्हणजे २०२४ च्या उत्पादनाच्या निम्म्याहूनही कमी. २०२५ संपण्यापूर्वी भाव दुपटीच्या वर गेला. शेतकरी आपला माल कोठारात अडवून धरतो, तसेच हे. या वाढलेल्या भावातील किती पैसा खणणाऱ्याच्या हाती पडतो, यावरून त्या धोरणाची परीक्षा व्हावी.

आपल्या घरात काय आहे

भारतात कोबाल्टचे प्राथमिक उत्पादन नाही. सरकारी प्रकाशनांत ४ कोटी ४९ लाख टनांचा आकडा आढळतो आणि वाचणारा हुरळून जातो. हा आकडा धातूचा नसून धातुकाचा, म्हणजे धातू असलेल्या दगडमातीचा आहे. त्यातील सुमारे ३ कोटी ९ लाख टन ओडिशात, ९० लाख झारखंडात आणि ५० लाख नागालँडमध्ये. ओडिशातील सुकिंदा खोऱ्याचा निकेलयुक्त जांभा यात येतो. काँगोतील शंभर किलो धातुकात कोबाल्ट शेकडो ग्रॅमांत निघतो; आपल्या जांभ्यात तो ग्रॅमांत मोजावा लागतो. म्हणून हे शेतातले धान्य आहे, आणि तेही विरळ आलेले.

शुद्धीकरणाची थोडी शक्ती आपल्याकडे आहे. गोव्यातील कुंकळ्ळी येथे आणि गुजरातेत बडोद्याकडे आयात मालातून व उपपदार्थांतून कोबाल्ट काढणारे कारखाने उभे राहिले. दोहोंची मिळून क्षमता वर्षाला सुमारे दोन हजार टन सांगितली जाते. जगाच्या उत्पादनाशी ताडून पाहता ती शंभरातील एक अंशाहूनही कमी भरते. २०२३ मध्ये केंद्र सरकारने तीस खनिजांना अतिमहत्त्वाची ठरविले, त्यांत कोबाल्ट आहे. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय मोहीम मंजूर झाली आणि झांबियात तांबे-कोबाल्टच्या शोधासाठी नऊ हजार चौरस किलोमीटरचे क्षेत्र आपल्याला मिळाले. तेथे भारतीय कंपनी उद्या खाण काढील. तेव्हा आपण झांबियाच्या कामगारापुढे कोणत्या रूपाने उभे राहू, हा प्रश्न आजच विचारून ठेवावा.

समुद्राचीही आशा दाखविली जाते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८१ साली ‘गवेषणी’ नौकेवरून समुद्रतळावरील बटाट्याएवढे धातूचे गोळे प्रथम वर काढले. मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्राच्या संशोधनाचा हक्क आज भारताकडे आहे. तेथे ३८ कोटी टन गोळे असावेत आणि त्यांत साडेपाच लाख टन कोबाल्ट असावा, असा अंदाज आहे. पण हा माल पाच-सहा हजार मीटर पाण्याखाली आहे. तो खणण्याचे आंतरराष्ट्रीय नियम २०२५ च्या अधिवेशनातही मंजूर झाले नाहीत. शिवाय तळातील जीवसृष्टी एकदा खरवडली गेली तर ती परत येण्यास माणसाच्या कित्येक पिढ्या जातील. संशोधन अवश्य व्हावे. आजच्या गरजेचा हिशेब मात्र त्यावर मांडता येणार नाही.

भंगारातील खाण

मग हाताशी काय आहे? हाताशी आहे तो आपण आधीच आयात केलेला कोबाल्ट. त्याचा हिशेब करून पाहू. एक लाख जुने मोबाइल घ्या. प्रत्येकात पाचच ग्रॅम कोबाल्ट धरला तरी अर्धा टन झाला. त्या सर्व बॅटऱ्यांचे वजन चार-पाच टन भरेल. तेवढाच अर्धा टन कोबाल्ट शेकडा अर्धा अंश धातू असलेल्या दगडातून काढावयाचा, तर शंभर टन दगड फोडावा लागेल, आणि तोही एक कणसुद्धा वाया न घालविता. आपल्या शहरांतील भंगाराची दुकाने ही वस्तुतः कोल्वेझीहून श्रीमंत खाण आहे. यंत्रशाळेत बोथट झालेल्या कार्बाइडच्या टिपा किलोवर विकल्या जातात, ती दुसरी खाण.

सरकारने हे ओळखलेले नाही असे नाही. बॅटरी-कचऱ्याचे नियम २०२२ मध्ये झाले. २०२५ च्या अर्थसंकल्पात कोबाल्टच्या भुकटीवरील व टाकाऊ बॅटऱ्यांवरील आयातकर उठला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अशा खनिजांच्या पुनर्वापरासाठी १,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर झाली. परंतु या सर्व योजना कारखानदाराच्या दारापासून सुरू होतात. त्या दारापर्यंत माल आणणारा माणूस त्यांत कोठे आहे? बॅटऱ्या गोळा करणारी बाई, हातोडीने त्या फोडणारा पोरगा आणि काळी भुकटी पोत्यात भरणारा हमाल, हे आपले क्रझर आहेत. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात काय झाले ते आठवा. दिल्ली विद्यापीठाने लिलावात काढलेल्या जुन्या उपकरणात कोबाल्ट-६० शिल्लक होता. भंगारवाल्यांनी ते नेहमीच्या रीतीने तोडले. किरणोत्साराने एक माणूस मेला आणि अनेकजण रुग्णालयात पडले. बॅटरीतला कोबाल्ट तसा किरणोत्सारी नसतो, हे खरे. पण माल सोपविताना त्यात काय आहे ते कष्टकऱ्याला कोणी सांगत नाही, ही रीत दोन्हीकडे एकच आहे.

यंत्रशाळेतील स्थितीही पाहा. कार्बाइडची टिप कोरडी घासली की तिची बारीक धूळ हवेत उडते. त्या धुळीने काही कामगारांच्या फुप्फुसांत कायमचे व्रण पडतात, दमा जडतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये कोबाल्ट धातूला माणसात बहुधा कर्करोग उत्पन्न करणारा, या वर्गात घातले. मी तरुणपणी ज्या लहानशा कारखान्याच्या टूलरूममध्ये होतो, तेथे हत्यारे घासणाऱ्या एका सोबत्याला खोकला लागला. त्याला वर्षभर क्षयाची औषधे दिली गेली. त्याच्या थुंकीत क्षयाचे जंतू कधीच सापडले नाहीत. तरीही, ‘तू काम काय करतोस?’ हा प्रश्न त्याला कोणी विचारला नाही. मालकाजवळ धूळ ओढून घेणारा पंखा बसविण्यास पैसा नव्हता आणि आम्हांजवळ तो मागण्यास ज्ञान नव्हते. पुढे वाचनालयात बसून मी जे वाचले, त्याची सुरुवात त्या खोकल्यापासून झाली.

काय मागावे

म्हणून काही साध्या गोष्टी मांडून मी थांबतो. कार्बाइड घासणाऱ्या प्रत्येक यंत्रावर पाण्याची धार आणि धूळ ओढणारा पंखा असावा, आणि तेथील कामगाराची छाती वर्षातून एकदा तपासली जावी. कामगार विम्याच्या दवाखान्यात रोग्याच्या कागदावर त्याचा हुद्दा नुसता ‘कामगार’ न लिहिता तो कोणत्या मालावर काम करतो ते लिहावे. बॅटऱ्यांच्या पुनर्वापरासाठी सरकारी पैसा घेणाऱ्या कारखान्यावर गोळा करणाऱ्यांच्या संघटनांशी वजनाचा व भावाचा लेखी करार करण्याची अट असावी. पुण्यात कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांची युनियन १९९३ पासून उभी आहे, तेव्हा असा करार कोणाशी करावयाचा हा प्रश्न उरत नाही. आणि आपली कंपनी परदेशात खाण काढील तेव्हा तेथील कामगाराला संघटनेचा हक्क आपण स्वतःहून मान्य करावा. कटंगात १९४१ साली जे नाकारले गेले, ते भारताच्या नावाने कोठेही नाकारले जाऊ नये.

कोबाल्ट जगाला पुरेल काय, हा प्रश्न मी आरंभी घेतला होता. जमिनीत तो पुरेसा आहे. ज्यांच्या हातांनी तो वर येतो, शुद्ध होतो, घासला जातो आणि पुन्हा भंगारातून वेचला जातो, ते हात टिकले तर तो पुरेल. ते टिकविण्यास लागणारा खर्च कोबाल्टच्या किमतीतच धरला पाहिजे. आज तो खणणाऱ्याच्या आणि घासणाऱ्याच्या छातीवर पडतो.